बोर्डिंगात वाढलेले कोण कोण आहात? आणि आमचं बोर्डिंग ठेवावं की मोडावं?

वळकटी (१४ ऑक्टोबर, रात्री ९:४०)

दसऱ्याला गावी गेलो होतो. माण तालुक्यातलं गाव. नाव लिहीत नाही, कारण संस्थेची माणसं ओळखू येतील आणि निम्मी माझ्या भावकीतली आहेत.

गावात १९५४ सालचं एक बोर्डिंग आहे. साताऱ्याला कर्मवीर अण्णांच्या (भाऊराव पाटलांच्या) तालमीत शिकलेल्या एका मास्तरांनी गावातल्या चार जणांना गळ घालून काढलेलं. अण्णांच्या रयत शिक्षण संस्थेचं नव्हे, त्यांचं बघून काढलेलं. मंगलोरी कौलांच्या दोन लांब खोल्या, मधे लिंब, मागं विहीर, एका टोकाला कोठी आणि चुलवण. पाचवी ते दहावी मी तिथं काढली, १९७९ ते १९८५. वडील मुंबईला मिलमध्ये, आई वाडीवर म्हाताऱ्या आजोबांपाशी. वाडीपासून हायस्कूल नऊ किलोमीटर. पत्र्याची पेटी, एक वळकटी (हो, तीच), आणि आईनं दिलेली शेंगदाण्याच्या चटणीची बरणी. बरणी तिसऱ्या दिवशी रिकामी. मी दोनदाच खाल्ली होती.

आमच्या वेळी ऐंशी पोरं होती, आता एकोणीस. संस्थेचं म्हणणं, इमारत पाडू आणि रस्त्याच्या बाजूनं गाळे काढू. भाडं येईल, शाळेला उपयोग होईल. माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर एकशे चाळीस जण आहेत. काहींचं मत, वर्गणी काढून बोर्डिंग चालवू. काहींना दारात भव्य कमान हवी, देणगीदारांच्या नावांसकट. बाकीचे सकाळी फुलं पाठवतात.

मला पडलेला प्रश्न असा. आता हायस्कूल जवळ आलं. मुलींना बारावीपर्यंत एस.टी.चा पास फुकट आहे. पोरांकडं सायकली आहेत, काहींच्या बुडाखाली बापाची मोटरसायकल. मग बोर्डिंग हवंय कुणाला? पोरांना, का आम्हालाच आठवणींसाठी? खरं सांगा. माझं स्वतःचं अजून ठरत नाही.

भाकरशेक (१४ ऑक्टोबर, रात्री १०:०५)

हजर! खानापूर तालुका, ८८ ते ९२.

आमच्याकडं भाकरीची पाळी असायची. चौघं थापायला, दोघं शेकायला, एक जाळ घालायला आणि एक मोजायला. मोजणाऱ्याशी कुणी वैर घ्यायचं नाही. माझी पहिली भाकरी बघून सुप्रिटेंडंट म्हणाले, "ही भाकरी न्हवं, सांगली जिल्ह्याचा नकाशा हाय. जत कुठं ते दाखव." दोन वर्षांत असा हात बसला की आज बायको माहेरी गेली तरी जेवणावरून घरात कुणाला पत्ता लागत नाही.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं नाही. पण गाळे नकोत राव. गाळ्यात शेवटी एक रिचार्जचं दुकान आणि एक चायनीज.

तिखटजाळ (१४ ऑक्टोबर, रात्री १०:११)

चायनीजनं काय घोडं मारलंय? :)

उंबरठा (१५ ऑक्टोबर, सकाळी ७:२०)

मी या मंडळींत बहुधा सर्वांत म्हातारा. स्वतः सांगली जिल्ह्यातल्या एका बोर्डिंगात होतो, पण आधी वडिलांचं सांगतो. ते १९३५ च्या सुमारास साताऱ्याच्या शाहू बोर्डिंगात होते, धननीच्या बागेत. सगळ्या जातीधर्मांची मुलं एका पंगतीला. वाढतोय कोण, शेजारी बसलाय कोण, हे बघायचं नाही. वडील सुटीत घरी आले की आजी आधी उंबऱ्याबाहेर उभं करून अंगावर गोमूत्र शिंपडायची आणि मग वर घ्यायची. वडील ते हसत सांगत. आजी हसत नसे.

अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पोरांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने आणि अखेर मंगळसूत्रसुद्धा दिलं, हे सगळ्यांना पाठ आहे. त्या १९३० साली गेल्या. वडील त्यानंतर तिथं पोचले, तरी मोठी मुलं त्यांच्याबद्दल अशी बोलत की वडिलांना वाटे, बाई आत चुलीपाशीच आहेत. मला त्या मंगळसूत्रापेक्षा रोजचं ते रांधणं मोठं वाटतं. मंगळसूत्र एकदाच मोडता येतं. एवढ्या पोरांना दोन वेळ जेवू घालणं रोज असतं.

माझ्या वेळची आठवण ७२ च्या दुष्काळाची. मी नववीत. कोठीत ज्वारी संपली आणि मिलो आला. अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी. तिची भाकरी तांबूस, वास वेगळा, आणि गार झाली की दात परीक्षा देत. पण त्या वर्षी गावाकडच्या लोकांना तीही पोटभर नव्हती. मी सुटीत घरी जाताना दोन भाकऱ्या धोतराच्या फडक्यात बांधून नेल्या होत्या. आईनं त्या मोडून पाचजणांत वाटल्या.

रानपाखरू (१५ ऑक्टोबर, सकाळी ९:०२)

उंबरठा काका, काय लिहिलंत! एक शंका. शाहू बोर्डिंग गांधीजींनी काढलं ना? शाळेत तसंच काहीतरी शिकल्याचं आठवतं.

दप्तरखाना (१५ ऑक्टोबर, सकाळी ९:३०)

नाही. रयत शिक्षण संस्था निघाली ४ ऑक्टोबर १९१९ ला, कराड तालुक्यातल्या काले गावी. त्याआधी दुधगावला भाऊरावांनी मित्रांबरोबर असाच प्रयत्न केला होता. साताऱ्याचं बोर्डिंग १९२४ चं. गांधीजी आले ते २५ फेब्रुवारी १९२७ ला, आणि त्यांच्या हस्ते 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असं नाव दिलं गेलं. पुढं १९३२ मध्ये पुण्यात युनियन बोर्डिंग. 'कमवा आणि शिका' ठळकपणे हायस्कुलात आलं ते १९४० च्या महाराजा सयाजीराव हायस्कुलात. धागाकर्त्याचे मास्तर बहुधा त्याच काळातले.

करवीरकर (१५ ऑक्टोबर, दुपारी १२:१५)

बोर्डिंगचा विषय आणि कोल्हापूर अजून कुणाच्या तोंडी नाही? वसतिगृहांची जननी म्हणतात आमच्या गावाला. १९०१ ला व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, मग जैन, लिंगायत, मुस्लिम, १९०८ ला मिस क्लार्क. दसरा चौकात उभं राहून नुसती मान फिरवा. भाऊराव स्वतः कोल्हापूरच्या बोर्डिंगातलेच. पाणी आमचंच आहे ते, बाटली साताऱ्याची.

दप्तरखाना (१५ ऑक्टोबर, दुपारी १२:४०)

करवीरकर, त्या बोर्डिंगातून भाऊरावांना बाहेर काढलं, तेही सांगा की. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला जाऊन आले आणि परत आल्यावर अंघोळ करायला नकार दिला. अस्पृश्यांच्या वसतिगृहात जाऊन आला म्हणून अंघोळ. नाही केली. गेले बाहेर.

करवीरकर (१५ ऑक्टोबर, दुपारी १२:५२)

काढलं कोल्हापुरानं, आणि आसरा दिला तोही कोल्हापुरानंच, थेट महाराजांनी. आमच्यात दोन्हीची सोय आहे.

पण एक बोलायचंच तर, शाहू महाराजांची वसतिगृहं जातवार होती आणि भाऊरावांचं मिश्र, यावरून महाराजांना नावं ठेवणारे भेटतात. त्या काळी एकत्र वसतिगृह काढलं की खालच्या मानलेल्या जातींची मुलं दारातच अडायची. म्हणून ज्याला त्याला त्याचं दार करून दिलं. पंचवीस वर्षांनी भाऊरावांना एकच दार ठेवता आलं, त्याला आधीची दारं कारण आहेत. हे माझं मत. भांडायचं असेल तर मिसळ खाऊन भांडू.

खडूस (१५ ऑक्टोबर, रात्री ११:३०)

सगळं गोड चाललंय, म्हणून जरा मीठ.

मीही बोर्डिंगातला. विदर्भ, १९९१ ते ९४. तीन वर्षांत पळून आलो. आमच्याकडं सहावीतला एक पोरगा होता, झोपेत त्याची गादी ओली व्हायची. सकाळी प्रार्थनेला त्याला ती गादी डोक्यावर घेऊन रांगेत उभं करायचे. रोज. आम्ही 'खरा तो एकची धर्म' म्हणायचो आणि तो गादी घेऊन उभा. थंडीत पाणी त्याच्या मानेवरून खाली यायचं. दोन महिन्यांनी तो दिसेनासा झाला. घरी गेला म्हणाले.

खरूज सगळ्यांनाच. गंधकाचं मलम लावून चड्डीवर उन्हात उभं करायचे. मोठ्या पोरांचे कपडे धुवायचे, नाही धुतले तर रात्री कंदील विझल्यावर मार. अधीक्षक सातला कुलूप लावून गावातल्या घरी निघून जायचे. शंभर पोरं आणि रात्री एकही मोठा माणूस नाही.

इथं जे लिहितायत ते तरून गेलेले आहेत. त्या गादीवाल्याला या संस्थळाचं नाव माहीत असेल असं वाटत नाही. "आम्ही असे घडलो" म्हणताना ज्यांचं मोडलं त्यांची मोजदाद कोण करतं? वळकटी, पाडा ती इमारत. वाईट वाटून घेऊ नका.

भाकरशेक (१५ ऑक्टोबर, रात्री ११:५०)

खडूस, वाचून गप्प झालो. आमच्यातही एक होता. गादी डोक्यावर नव्हती, पण नाव ठेवलं होतं. नाव मीच ठेवलं होतं.

रानपाखरू (१६ ऑक्टोबर, सकाळी १०:१०)

माणसावर असतं हो सगळं. आमचं अमळनेर. साने गुरुजी प्रताप हायस्कूलच्या छात्रालयावर होते, मुलांसाठी हातानं लिहून 'छात्रालय' नावाचं दैनिक काढायचे. रोज! रात्री पोरं झोपल्यावर बसून लिहायचं आणि सकाळी पोरांनी वाचायचं. त्याच खोल्या, तीच पोरं, वर कोण आहे यावर फरक.

खडूस (१६ ऑक्टोबर, सकाळी १०:२५)

बरोबर आहे. पण साने गुरुजी भेटतील या भरवशावर किती पोरं पाठवायची?

येष्टी_प्रेमी (१६ ऑक्टोबर, दुपारी १:००)

वातावरण गंभीर झालंय, म्हणून डब्याची गोष्ट. आमच्या हॉस्टेलला मेस नव्हती, डबा एस.टी.नं यायचा. पहाटे आई डबा बांधायची, फाट्यावर थोरला भाऊ ड्रायव्हरच्या हातात द्यायचा आणि साडेनऊला स्टँडवर आम्ही गोळा. ऐंशी-नव्वद डबे. कापडी पिशव्यांवर दोऱ्यानं भरलेली अक्षरं, नाहीतर झाकणावर तांबड्या रंगात नंबर. बस बंद पडली की अख्खं हॉस्टेल उपाशी.

आमच्या खोलीत एक माळकरी घरातला पोरगा होता. एकदा डब्यांची अदलाबदल झाली, आणि त्याच्या हातात आला शेजारच्या गावच्या जत्रेचा मटणाचा डबा. त्याला ते कळलं कधी? डबा संपल्यावर. "आईनं आज वांगं झकास केलंय" म्हणत होता. आम्ही अजून सांगितलेलं नाही. आता तो कीर्तन करतो.

तिखटजाळ (१६ ऑक्टोबर, दुपारी १:०८)

हा प्रतिसाद त्यांच्या वाचनात न येवो, हीच पांडुरंगचरणी प्रार्थना.

चिंचेचं_बोटुक (१६ ऑक्टोबर, रात्री ९:४५)

सगळा धागा वाचला. भाकरी, मार, डबा, कीर्तन, सगळं आलं. मुलगी कुठंय?

आमच्या घरात भाऊ पाचवीत बोर्डिंगला गेला. मी त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी, माझी शाळा सातवीला थांबली, कारण मुलींचं बोर्डिंग नव्हतं आणि आठवीचा वर्ग दुसऱ्या गावाला. भाऊ सुटीत आला की त्याची पुस्तकं मी वाचायची. त्याचं अक्षर वाईट, म्हणून सुटीतला अभ्यास मी लिहून द्यायची. त्यानं तो स्वतःच्या नावावर खपवला, वर 'उत्तम हस्ताक्षर' शेरा मिळवला. आजही राखीला तो शेरा त्याला ऐकवते.

दहावी मी लग्नानंतर बाहेरून दिली. वळकटी दादा, तुमच्या एकोणीसमध्ये मुली किती? शून्य असतील, तर "ठेवायचं का मोडायचं" याआधी तो प्रश्न विचारा. आणि मुलींसाठी करायचं तर आधी संडास-न्हाणीघर, आतून कडी लागणारं. कमान नंतर.

वळकटी (१६ ऑक्टोबर, रात्री १०:३०)

ताई, मुली शून्य. कधीच नव्हत्या. इतकी वर्षं हे डोक्यात आलंच नाही, हे लिहिताना लाज वाटतेय.

सागपान (१७ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:५०)

मी जव्हारकडचा, वारली. शासकीय आश्रमशाळेत शिकलो, आता दुसऱ्या एका आश्रमशाळेत मास्तर आहे. राज्यात नुसत्या सरकारी आश्रमशाळाच पाचशेच्या आसपास आहेत आणि जवळपास तेवढ्याच अनुदानित, पण "बोर्डिंग" म्हटलं की तुमच्या धाग्यात आमची आठवण कुणाला झाली नाही. रागानं नाही म्हणत. सवय आहे.

पहिलीत घरून उचलून नेलं. मास्तर बोलायचे ते मराठी, मी बोलायचो ती वारली. "पाटी घे" म्हणजे काय ते कळायलाच दोन दिवस गेले. तिसऱ्या रात्री मी आणि चुलतभाऊ निघालो घरी, जंगलातून. सकाळी पाड्यावर पोचलो तर आमच्या आधी स्वयंपाकी मामा तिथं येऊन बसलेला, आईनं दिलेला कोरा चहा पीत. ओरडला नाही. खांद्यावर घेऊन परत नेलं. तो मामा नसता तर मी आज रोजगार हमीवर असतो.

दिवसा जिथं वर्ग भरायचा तिथंच रात्री सतरंजी टाकून झोपायचं. फळ्यावर सकाळी पुसायची राहिलेली बेरीज, तिच्याकडं बघत झोप लागायची. खडूस दादांनी लिहिलं ते सगळं खरं. साप, विंचू, ताप, रात्री गाडी न मिळणं, ते आमच्याकडं अजून वर. तरी पाडा असं मी म्हणणार नाही. पाड्यावर वीज नव्हती, पुस्तक नव्हतं, पावसाळ्यात आईबाप आवणीत (भातलावणीत) असायचे. घरी शिकलो असतो हे खोटं आहे.

एक अजून. २०१८ मध्ये आमच्या वसतिगृहातल्या मुलांचं जेवण बंद करून पैसे खात्यात टाकायचं ठरलं, तेव्हा पोरं पुण्याहून नाशिकला चालत निघाली होती. पैसे नकोत, मेस द्या म्हणत. खात्यातले पैसे घरी अडचण आली की घरी जातात, मग पोरगं वडापाववर. वर्गणी काढताय म्हणून सांगतोय. पोरांच्या हातात रोख देऊ नका. कोठी भरा.

उंबरठा (१७ ऑक्टोबर, रात्री ८:१५)

सागपान, तुमच्या मामांना माझा नमस्कार. आमच्याकडं अशांना पगारपत्रकावर 'मदतनीस' म्हणत.

बालाघाट (१८ ऑक्टोबर, सकाळी ६:३०)

वळकटी दादा, तुम्ही विचारलंत बोर्डिंग हवंय कुणाला. मी बीड जिल्ह्यातला. आमच्या गावात दसरा झाला की ट्रक लागतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, नवराबायको मिळून एक कोयता. कोयता म्हणजे हत्यार नव्हे, जोडपं. सहा महिने उसाच्या फडावर. गावात राहतात म्हातारी माणसं, कुत्री आणि ज्यांची आजी धड आहे ती पोरं. ज्यांना आजी नाही ती फडावर जातात. तिथं आठ वर्षांची पोरगी धाकट्याला सांभाळते, दहा वर्षांचा पोरगा वाढं (उसाचे शेंडे) गोळा करतो. मार्चमध्ये परत येऊन परीक्षेला बसवायचं, म्हणजे बसवायचं एवढंच.

आमच्याकडं शाळेतच हंगामी वसतिगृहं निघाली ती यासाठी. काही चांगली, काही कागदावर. पण जिथं चांगलं होतं तिथं पोरं टिकली. मी टिकलो. माझी थोरली बहीण फडावर गेली. तिला सही येते.

तुम्ही शाळा किती लांब आहे ते मोजताय. शाळा आमच्या घरासमोरच होती हो. घराला कुलूप होतं.

वळकटी (१८ ऑक्टोबर, सकाळी ७:०५)

बालाघाट, मी हे चारदा वाचलं. ती एकोणीस पोरं कुणाची, हे मी दसऱ्याला विचारलंच नाही. इमारत बघितली, लिंब बघितला, भिंतीवर कोरलेलं माझं नाव शोधलं आणि आलो. दिवाळीत परत जातो.

गलाईवाला (१८ ऑक्टोबर, रात्री ११:१०)

मी आटपाडीकडचा, तीस वर्षं कोईमतूरला. आमचा धंदा सोनंचांदी गाळायचा. आमच्या भागातली माणसं या धंद्यात देशभर पसरलीत. कुठल्याही शहरात सराफकट्ट्याच्या मागच्या बोळात जा, ॲसिडचा वास आला की "काय पावनं" म्हणा, आतून "या की" येतं.

माझा थोरला पाचवीत गेला तेव्हा घरात तमिळ बोलायचा. आजीशी फोनवर बोलायला मला मधे बसावं लागायचं. त्याला गावच्या बोर्डिंगात ठेवला. बायको वर्षभर माझ्याशी नीट बोलली नाही. पोरगा मराठी शिकला, भाकरी शिकला, आणि काही शिव्या शिकला त्या मलाही नवीन होत्या. पण आता मोठा झाल्यावर एकदा म्हणाला, "आप्पा, मला भाषेसाठी ठेवलंत, पण रात्री रडायचो ते तमिळमध्ये." त्यावर मला अजून बोलता आलेलं नाही.

तेव्हा खडूस म्हणतात तेही बरोबर, बालाघाट म्हणतात तेही. मला मात्र पर्याय होता आणि तरी ठेवला. त्यांना पर्याय नव्हता. हा फरक आहे.

तिखटजाळ (१९ ऑक्टोबर, सकाळी ८:००)

मी कधी बोर्डिंगात नव्हतो, पुण्यात आईच्या हातचं खाऊन वाढलो, आणि तरी हा धागा ऑफिसला जाताना बसमध्ये वाचून स्टॉप चुकलो.

करवीरकर (१९ ऑक्टोबर, सकाळी ८:२०)

पुण्यात वार लावून जेवायची पद्धत होती, सोमवारी एकाकडं, मंगळवारी दुसऱ्याकडं. आमच्याकडं सातही वार एकाच ताटात. असो. वळकटींची वाट बघू.

(मध्ये पंचवीसेक प्रतिसाद मिसळ कुणाची खरी यावर गेले. संपादकांनी ते वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत.)

वळकटी (१२ नोव्हेंबर, रात्री ९:१५)

जाऊन आलो. भाऊबीज उरकून दुसऱ्या दिवशी दुपारी बोर्डिंगावर गेलो. सुटी आहे म्हणजे कुणी नसणार, मावशींना तेवढं भेटू, असा हिशोब. (स्वयंपाकाच्या मावशी, एकसष्ट वर्षांच्या. मिळतं ते मानधन, पगार नव्हे, आणि तेही तीन-तीन महिन्यांनी.)

चार पोरं होती. सुटीतही. दोघांचे आईबाप ऊसतोडीला कर्नाटकात, एकाचे वीटभट्टीवर. चौथा धनगराचा, घरचा वाडा (म्हणजे फिरतं बिऱ्हाड) मेंढरं घेऊन खाली कोकणाच्या बाजूला उतरलेला. आता नेमके कुठल्या शिवारात असतील ते त्यालाही सांगता येईना. मावशी स्वतःच्या लेकीकडं दिवाळीला गेल्या नव्हत्या. म्हणाल्या, "ह्यांना कुटं टाकू?" चौघांना त्यांनी उटणं लावून न्हाऊ घातलं होतं.

मग रजिस्टर काढून बघितलं. एकोणीसपैकी अकरा ऊसतोडीचे, तीन मेंढपाळांचे, दोन वीटभट्टीचे. एकाला आई नाही, बाप पितो. एक गलाईवाल्यांचा, हैदराबादहून आलेला. आणि फक्त एक माझ्यासारखा, लांबच्या वाडीचा. म्हणजे मी ज्याच्यासाठी हळहळत होतो ते बोर्डिंग कधीच बंद झालंय. त्याच कौलांखाली दुसरंच चाललंय.

मलाही आठवलं मग. १९८२ ला मिलचा संप झाला, वडिलांचा पगार बंद. दीड वर्ष माझी फी गेली नाही. कुणी मागितली नाही, कुणी उठवलं नाही. मी समजत होतो आईनं कुठून तरी भरली. आई समजत होती मास्तरांनी सोडली. जुनं रजिस्टर उघडून बघितलं तर माझ्या नावापुढं त्या काळात "धान्य जमा" असं लिहिलंय. कुणाचं धान्य ते लिहिलेलं नाही. आमच्या घरात तर तेव्हा धान्य नव्हतंच.

पोरांना विचारलं, तुम्हाला काय पाहिजे. मला वाटलं बॅट मागतील. तिघांनी अंघोळीला गरम पाणी सांगितलं. धनगराचं पोरगं बराच वेळ काही बोललं नाही. नंतर मावशींच्या कानात म्हणालं, मावशींनी मला सांगितलं. रोज संध्याकाळी दहा मिनिटं फोन पाहिजे. अधीक्षकांचा फोन रविवारीच मिळतो, आणि रविवारी आईबाप रेंजमध्ये असतीलच असं नाही.

खडूस, तुमच्यासाठी मुद्दाम बघून आलो. रात्री अधीक्षक मुक्कामाला असतात का? आठवड्यातून चार दिवस असतात. बाकी तीन दिवस मावशी. म्हणजे तुमचं म्हणणं निम्मं तिथंही लागू आहे. ग्रुपवर मी तीच अट घातली: रात्रीचा माणूस नेमायचा, त्याचा पगार आपण द्यायचा, नाहीतर एक रुपया नाही. कमानवाले अकरा जण ग्रुप सोडून गेले. चौतीस जणांनी महिन्याचे आकडे लिहून दिले. संस्थेची बैठक २३ तारखेला. गाळे रस्त्याकडच्या पडीक तुकड्यावर काढा, बोर्डिंगला हात लावू नका, असं मांडणार आहे. भावकी आहे, आरडाओरडा होणार.

चिंचेचं बोटुक ताई, तुमचाही विषय काढला. अध्यक्ष म्हणाले, मुलींची जबाबदारी कोण घेणार? मावशी आतून ओरडल्या, "मी काय मेले काय?" तिथंच थांबलंय ते अजून.

चिंचेचं_बोटुक (१२ नोव्हेंबर, रात्री ९:३०)

मावशींना अध्यक्ष करा.

भाकरशेक (१२ नोव्हेंबर, रात्री ९:३४)

विटा ते तुमचं गाव काही फार लांब नाही. महिन्यातून एक रविवार माझा. पन्नास भाकऱ्या, नकाशे नाहीत, गोल.

गलाईवाला (१२ नोव्हेंबर, रात्री १०:०२)

गरम पाण्याचं माझ्याकडं लागलं. तांब्याचा मोठा बंब पाठवतो. धातूच्या वजनात मला कुणी फसवू शकत नाही.

खडूस (१२ नोव्हेंबर, रात्री १०:१०)

बंबाला लाकडं कोण फोडणार? पोरंच ना? मग माझी वर्गणी नाही. सोलर बसवा, निम्मे पैसे मी देतो. आणि तो फोन उद्याच घेऊन द्या, २३ तारखेची वाट बघू नका.

वळकटी (१२ नोव्हेंबर, रात्री १०:१८)

फोन मावशींच्या हातात देऊन आलोय. माझाच जुना. रोज सहा ते आठ, चिठ्ठ्या टाकून नंबर लावायचे ठरलंय. परवा धनगराच्या पोराचा लागला. ते महाडजवळ आहेत.

गलाईवाला (१२ नोव्हेंबर, रात्री १०:२५)

सोलर तर सोलर. पण बंब मी सांगून बसलोय, त्याचं काय करू?